मोबाईलमधला पुरावा कोर्टापर्यंत गेला पाहिजे



गायरानावरचं पीक मोडायला, झोपडी पाडायला बंदोबस्त येतो. बाया आडव्या होतात, झटापट होते, आणि रात्री ठाण्यात फिर्याद लिहिली जाते ती ठरलेली: ‘जमावाने दगडफेक केली, सरकारी कामात अडथळा आणला.’ कलम पूर्वी ३५३ होतं, नव्या कायद्यात १३२ झालं. मजकूर तोच. फिर्यादी पोलीस, तपास करणारे पोलीस, साक्षीदारही बहुतेक पोलीसच. आपला माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो तेव्हा त्याच्या शब्दाला किंमत किती? त्यात तो पारधी असला तर बघायलाच नको. गुन्हेगार जमातीचा कायदा १९५२ साली गेला, ती नजर काही गेली नाही.

आता मात्र आपल्या पोरांच्या खिशात मोबाईल आहेत. साहेब सांगतात एक, आणि चित्रात दिसतं दुसरंच. ९ ऑगस्ट २०११ ला मावळात पवना धरणाच्या बंद जलवाहिनीविरुद्ध शेतकरी द्रुतगती मार्गावर आले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. कांताबाई ठाकर, मोरेश्वर साठे, श्यामराव तुपे हे तिघं गेले. गोळीबार स्वसंरक्षणासाठी केला, असं सांगितलं गेलं. पण वाहिन्यांच्या कॅमेऱ्यात पळणारे लोक दिसले, आणि उभ्या गाड्या फोडणारे पोलीसही दिसले. ते चित्रण नसतं तर ‘हिंसक जमाव’ एवढंच कागदावर राहिलं असतं.

म्हणून आम्ही म्हणतो, शूटिंग करा. पण नुसतं शूटिंग करून आरोपी सुटत नाही, हेही तितकंच खरं. व्हिडिओ गावभर फिरतो, हजार जण बघतात, आणि तारखेला वकील विचारतात, ‘मूळ मोबाईल कुठंय?’ तर तो विकलेला असतो, नाहीतर जागा भरली म्हणून सगळं पुसलेलं असतं.

आपल्या शेजारच्या जालन्याची केस यासाठी समजून घ्या. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. म्हणणं असं की उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दिला, तरी अधिकाऱ्यांनी वेळेत धरला. पुरावा काय? निवडणूक कार्यालयातलं सरकारी चित्रणच. पण चित्रणाच्या सीडीसोबत कायद्याने लागणारं ६५-ब चं प्रमाणपत्र अधिकारी मागूनही देईनात. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. सुप्रीम कोर्टाने १४ जुलै २०२० ला तो निकाल कायम ठेवला आणि तीन गोष्टी सांगून ठेवल्या. नकल दाखल करायची तर प्रमाणपत्र लागणारच. ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तो प्रमाणपत्र देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करा, कोर्ट त्याला हुकूम देईल. आणि मूळ यंत्रच घेऊन त्याचा मालक साक्षीला उभा राहिला, तर प्रमाणपत्राची गरज नाही.

ही तिसरी गोष्ट आपल्यासारख्यांसाठी लाखमोलाची आहे. तेव्हा गावोगावच्या साथींनी एवढं करावं:

एक. ज्याने शूटिंग केलं त्याने तो मोबाईल केस संपेपर्यंत विकू नये, त्यातलं चित्रण पुसू नये. त्यानेच साक्षीला यायचं आहे, ही मनाची तयारी आधी करावी.

दोन. चित्रणाला गाणं, नावं, बाण काही जोडू नये. मधलं कापू नये. आपल्या सोयीचं तेवढं ठेवलं तर सरकारी वकील पहिला बोट तिथंच ठेवील.

तीन. नकल द्यायची वेळ आली तर १ जुलै २०२४ पासून नव्या साक्ष्य कायद्याचं कलम ६३ लागतं. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. वकिलाला पहिल्याच तारखेला सांगा, निकालाच्या तोंडावर नको.

चार. बंदोबस्तात पोलिसांचाही कॅमेरा असतो. ते चित्रण सबंध मागा. ठाण्यातलंही मागा. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावून चित्रण अठरा महिने जपायला सांगितलं आहे. उशीर केला तर ‘राहिलं नाही’ हे उत्तर तयारच असतं. हाती असलेलं चित्रण सरकार पक्षाने दडवलं तर ते त्याच्याविरुद्ध धरता येतं, असंही त्याच कोर्टाने २०१५ मध्ये म्हटलं आहे.

कुणी म्हणेल, एवढी उठाठेव गरिबाने कशाला करायची? जुनी माणसं आठवा. तलाठ्याने अतिक्रमणाचा दंड केला, पावती फाडली. ज्यांनी ती पावती ट्रंकेत जपली, त्यांना २८ नोव्हेंबर १९९१ चा जीआर आला तेव्हा दाखवता आलं की १४ एप्रिल १९९० च्या आधीपासून जमीन आम्हीच कसतो. शिक्षेचा कागदच हक्काचा कागद झाला. ज्यांची पावती पावसात गेली ते आजही अर्ज करत फिरतात. मोबाईलमधलं चित्रण ही आजची पावती आहे.

आणखी एक. कॅमेरा दोन्हीकडे बघतो. आपल्यातल्या कुणी दगड उचलला तर तोही त्यात येणार, आणि मग त्या एका दगडापायी पन्नास निर्दोष माणसं अडकणार. म्हणून मोर्चाची शिस्त ही आता आरोपींच्या बचावाचाही भाग आहे. खोटं आपल्याला लागत नाही. जमीन आपण कसतो हे खरं आहे, आणि खरं आहे तेच कोर्टाला दाखवायचं आहे.

येत्या बैठकीत प्रत्येक गावाने सांगावं: कुणावर कुठली केस आहे, पुढची तारीख कोणती, चित्रण कुणाकडे आहे. त्याची वही गावातच ठेवा. तारखेला आरोपी एकटा जाता कामा नये.

कसेल त्याची जमीन! जिंदाबाद!