नुक्ता चुकतोय? आधी डोळे तपासा



सातवीतली एक मुलगी फळ्यावरून उर्दू उतरवताना रोज त्याच चुका करायची. ‘बे’चा ‘पे’ व्हायचा, ‘जीम’चा ‘चे’. उर्दू जाणणाऱ्यांना ठाऊक आहे, या अक्षरांचा आकार एकच. फरक फक्त नुक्त्यांचा. मी तिला वर्गासमोर दोनदा रागावले. ती मान खाली घालून उभी राहिली, एक शब्द बोलली नाही.

पुढे तिची अम्मी भेटली तेव्हा कळले. आम्ही शिक्षक वहीच्या पानांचे जे फोटो ग्रुपवर टाकतो, ते ती रात्री अब्बा कामावरून आल्यावर त्यांच्या मोबाइलवर बघायची. कुरआनचा ऑनलाइन सबकही त्यावरच. भावंडे झोपलेली, म्हणून खोलीत अंधार. डोके दुखले की बाम लावून झोपायची. डोळे तपासले तर नंबर निघाला. मुलगी निष्काळजी नव्हती. तिला फळा दिसतच नव्हता.

नंबर मोबाइलमुळेच लागला, असे मी म्हणणार नाही. तो घराण्यातूनही येतो. पण सतत जवळचे पाहणे आणि उन्हात खेळणे कमी होणे, यांमुळे लांबचे न दिसण्याचा धोका वाढतो. थकवा ही वेगळी गोष्ट. आपण एरवी मिनिटाला साधारण 15 वेळा पापणी मिटतो. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्यावर येते. मग डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. जवळचे पाहून डोळ्यांचे स्नायूही थकतात.

उपाय बिनखर्चाचे आहेत. दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरच्या वस्तूकडे 20 सेकंद पाहावे. मोबाइल हातभर लांब असावा, खोलीत दिवा लागलेला असावा. नमाजची वेळ झाली की पडदा बंद करून उठावे. डोळ्यांनाही विसावा मिळतो. असर ते मगरीब मुलांना, आणि मुलींनाही, मोकळ्यावर खेळू द्या. 2020 मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन शिक्षणासाठी ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिका काढली. तिच्यात पहिली ते आठवीसाठी दिवसाला 30 ते 45 मिनिटांची दोनच सत्रे सांगितली होती. दीनी सबक आणि शिकवणीही याच हिशेबात धरा.

मूल डोळे बारीक करून पाहत असेल, टीव्हीच्या जवळ जाऊन बसत असेल, वारंवार डोके दुखते म्हणत असेल, तर सुरमा किंवा गुलाबपाणी घालत बसू नका. सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या. ‘मुलीला चष्मा लागला तर स्थळे येणार नाहीत’ हे वाक्य मी आजही ऐकते. त्यापायी तिचे शिक्षण अंधुक करायचे का? आपल्या देहाचा आणि डोळ्यांचाही आपल्यावर हक्क आहे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. मुलांचे डोळे तर आपल्याकडे अमानत आहेत.

मी आता फोटो पाठवणे कमी केले आहे. मजकूर वर्गातच उतरवून घेते. त्या मुलीची माफी मागितली, तीही वर्गासमोरच. चष्मा लावून ती आता दुसऱ्या बाकावर बसते. परवाच्या इमल्यात तिचा एकही नुक्ता चुकला नाही, अल्हम्दुलिल्लाह.