पुष्पकाला इंजिन कशाला?

१/ अद्भुतकथा श्रेष्ठ की विज्ञानकथा, हा वाद वाचकांत नेहमी रंगतो. एकीकडे राक्षस, जादू, तिलिस्म. दुसरीकडे अंतराळयान, काळप्रवास, यंत्रमानव. दोन्हींतले जग प्रत्यक्षात नसतेच. मग दोहोंची मोहिनी वेगळी का? इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रश्न वरवर वाटतो त्याहून फार जवळचा आहे. उत्तरासाठी विमान हे एकच उदाहरण घेऊ.

२/ प्रथम अद्भुत. रामायणातले पुष्पक मूळचे कुबेराचे. रावणाने ते बळकावले आणि लंकाविजयानंतर राम त्यातून अयोध्येस परतला. ते स्वामीच्या इच्छेनुसार चालते. कालिदासाने ‘रघुवंशा’चा तेरावा सर्ग याच परतीच्या प्रवासाला दिला आहे. खाली समुद्र, मग जनस्थान, गोदावरी, चित्रकूट, गंगा-यमुनेचा संगम. राम सीतेला एकेक स्थळ दाखवत जातो.

३/ विमान कशाच्या बळावर उडते, हे कालिदास विचारत नाही आणि वाचकालाही विचारावेसे वाटत नाही. वनवासात पायी तुडवलेली, विरहात एकट्याने पाहिलेली भूमी आता दोघे मिळून वरून पाहत आहेत, हा त्या सर्गाचा प्राण आहे. अद्भुताचा वाचकाशी करार असा असतो : यंत्रणा विचारू नका, त्या बदल्यात दुःख आणि आनंद एरवी दिसत नाहीत अशा उंचीवरून पाहायला मिळतील.

४/ विज्ञानकथेचा करार निराळा. तिथे ‘कसे?’ विचारण्याचा वाचकाला हक्क असतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते होते डॉ. जयंत विष्णू नारळीकर. परीक्षकांवर आपल्या नावाचे दडपण येऊ नये म्हणून त्यांनी स्वतःची आद्याक्षरे उलटी करून हे नाव घेतले होते.

५/ इतिहासप्रेमींना त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा अधिक जवळची वाटेल. १४ जानेवारी १७६१. विश्वासरावांना लागलेली गोळी या कथेत कानाजवळून निघून जाते. लेखक एवढाच बदल करतो. पुढचे सारे त्यातून निघावे लागते. मराठे जिंकतात, कंपनीची सत्ता मोजक्या ठिकाणांपुरती उरते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत त्या जगातून परततात, तेव्हा त्यांच्याजवळ पुरावा असतो : बखरीचे एक फाटलेले पान.

६/ म्हणजे फरक शक्याशक्यतेचा आहे का? नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १८९६ साली लिहिलेल्या बंगाली कथेत केसांच्या तेलाच्या एका बाटलीने चक्रीवादळ शमते. हे अशक्यच, परंतु तेलाने पाण्याचा पृष्ठभाग शांत होतो या निरीक्षणाला ते ताणून नेलेले आहे. विज्ञानकथा कारणाची साखळी कितीही ताणते, तोडत नाही. अद्भुतकथेला त्या साखळीची गरजच नसते.

७/ कारणाची साखळी जपते म्हणून विज्ञानकथा इतिहासशास्त्राची नातलग ठरते. परंतु त्यावरून अद्भुत हे बालिश ठरत नाही. अद्भुत प्रामाणिक असते. आपण खरे घडलो असा दावा ते करीत नाही. खरा धोका तिसऱ्याच प्रकारात आहे : अद्भुताने प्रयोगशाळेचा अंगरखा चढवून इतिहास म्हणून मिरवणे.

८/ ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ भरद्वाज ऋषींच्या नावावर खपवला जातो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ सालीच, म्हणजे ‘कृष्णविवर’च्या वर्षीच, त्याची चिकित्सा केली. निष्कर्ष असा : ग्रंथ १९०४ पूर्वीचा असू शकत नाही आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या १०२ व्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेलाच.

९/ ‘थोडा अभिमान वाढला तर बिघडले कुठे?’ असे यावर विचारले जाते. प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. परक्या सत्तेखाली ज्यांच्या ज्ञानपरंपरेला तुच्छ लेखले गेले, त्या समाजाची ही भूक खरी आहे. परंतु खोट्या अन्नाने ती भागत नाही. इ. स. ४९९ मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी, आर्यभटाने पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे मांडले. चालत्या नावेतल्या माणसाला काठ मागे सरकताना दिसतो, तसे तारे आपल्याला सरकताना दिसतात, हा त्याचा दृष्टान्त. ज्याला विमानांची दंतकथा पुरते, तो या दृष्टान्तापर्यंत पोहोचतच नाही.

१०/ दुसरी हानी काव्याची. पुष्पकाला इंजिन बसवले की चर्चा धातू, इंधन आणि वेगाची होते. तेराव्या सर्गातले राम-सीता बाजूला पडतात आणि उरते एक न उडणारे यंत्र. अभिमानाच्या भरात आपण कालिदासाला तंत्रज्ञाच्या परीक्षेला बसवतो आणि नापासही करतो.

११/ तेव्हा अद्भुत की विज्ञान, अशी निवड करण्याचे कारण नाही. दोन्ही वाचावीत, मात्र प्रत्येकाला त्याचाच प्रश्न विचारावा. अद्भुताला विचारावे, ‘मनुष्याच्या मनाबद्दल हे काय सांगते?’ विज्ञानकथेला विचारावे, ‘हे बदलले तर पुढे काय?’ आणि जो मजकूर स्वतःला इतिहास म्हणवतो, त्याला न चुकता विचारावे, ‘पुरावा कुठे आहे?’ काल्पनिक असूनही गंगाधरपंतांनी बखरीचे पान जपून ठेवले होते.