काइटसर्फिंग : आधी शिकवणी, मग पतंग

हौसेला मोल नसतं म्हणतात. पण काइटसर्फिंगची अनेक हौशी मंडळी मोल करतात ते फक्त पतंगाचं. डोक्याचं आणि गुडघ्याचं नाही. जुना पतंग ऑनलाइन स्वस्तात घेतला, चार व्हिडिओ पाहिले आणि निघाले गोव्यात मोरजीला! माझा विरोध खेळाला नाही, या क्रमाला आहे.

'पतंगच तर आहे, त्यात काय?' संक्रांतीचा पतंग तुम्ही ओढता, हा तुम्हाला ओढतो. वाऱ्याचा वेग १२ नॉटवरून २४ नॉट झाला, तर ओढ दुप्पट नव्हे, चौपट होते. अशा वेळी माणूस वाळूवर किंवा खडकावर आपटतो. डोक्याला मार लागतो, खांदा निखळतो, गुडघ्याचे लिगामेंट फाटते. ताणलेल्या दोरीत अडकलेले बोट खोलवर कापले जाते.

'शिकायला जुना पतंग पुरे,' हे तर उलटेच. जुन्या 'सी' आकाराच्या पतंगांची ओढ हातातला बार सैल सोडला तरी पुरेशी कमी होत नाही. २००५ च्या सुमारास आलेल्या 'बो' प्रकारात ती बरीच कमी करता येते. म्हणजे ज्याला काहीच येत नाही, त्याच्याच हाती सर्वांत अवघड पतंग!

माझ्या मते खर्चाचा क्रम असा हवा :

१. प्रमाणित प्रशिक्षकाकडे शिकवणी. त्या काळात साहित्य बहुधा शाळाच देते.

२. जलक्रीडेचे हेल्मेट आणि तरंगायला मदत करणारे जाकीट. मोटरसायकलचे हेल्मेट पाण्यात चालत नाही.

३. बार. त्यावर क्विक रिलीज, म्हणजे एका झटक्यात पतंगाची ओढ तोडणारी कळ, हवीच. या कळीसाठी २०२० पासून आयएसओ २१८५३ हे मानक आहे. वापरलेला बार घेताना कळ स्वतः दाबून पाहा. अडकत असेल, तर फुकटही घेऊ नका.

४. सगळ्यात शेवटी पतंग. ७५ किलो वजनाच्या व्यक्तीला १५ ते २० नॉट वाऱ्यात साधारण १२ चौरस मीटरचा लागतो. वजन कमी किंवा वारा जास्त असेल, तर लहान.

फिट येणे, हृदयविकार, रक्त पातळ करणारी गोळी, इन्सुलिन, पूर्वी निखळलेला खांदा, यांपैकी काही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. गरोदरपणात हा खेळ नकोच.

'डॉक्टर सगळ्यालाच नाही म्हणतात,' असे वाटेल. मी 'थांबा' म्हणतोय. पाण्यात पडलेला पतंग पुन्हा उडवणे आणि तो बंद पडल्यावर त्याच्याच आधाराने किनारा गाठणे, ही दोन कामे प्रशिक्षकासमोर जमेपर्यंत पतंग विकत घेऊ नका. आणि वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत असेल, तर त्या दिवशी शहाळे प्या आणि घरी या.