शिक्षा कशास म्हणावें?

शब्दांचा अर्थ निश्चित नसला म्हणजे विचारहि निश्चित होत नाहीं, आणि विचार निश्चित नसला म्हणजे कृति आंधळी होते. मुलांच्या वागणुकीविषयीं घरीं व शाळेंत जे शब्द आपण रोज वापरतों त्यांची हीच स्थिति आहे. बक्षीस, शिक्षा, लाड, दुर्लक्ष हे शब्द सर्वांच्या तोंडीं आहेत. परंतु त्यांचा अर्थ बहुधा देणाराच्या हेतूवरून ठरविला जातो. शिक्षक रागावले म्हणजे शिक्षा झाली, आईनें खाऊ दिला म्हणजे बक्षीस मिळालें, असें आपण समजतों. गेल्या शतकांत अमेरिकेंत उदयास आलेलें ‘उपयोजित वर्तन-विश्लेषण’ हें शास्त्र नेमकें येथेंच आपणांस अडवितें. त्याचें म्हणणें असें कीं, कृतीचें नांव देणाराच्या मनावरून ठरवूं नये. घेणाराच्या पुढील वर्तनावरून ठरवावें. झाड फळावरून ओळखावें ही शुभवर्तमानांतील शिकवण आपल्या शाळेंत सर्वांस ठाऊक आहे. तीच येथें शिस्तीच्या प्रश्नास लावावयाची आहे. एवढी एकच गोष्ट पालकांनीं व शिक्षकांनीं मनावर घेतली तर मुलांचें पुष्कळ दुःख टळेल, असें आमचें स्पष्ट मत आहे.

या विचाराचीं मुळें जुनीं आहेत. १८९८ सालीं एडवर्ड थॉर्नडाइक यांनीं पेटींत कोंडलेल्या मांजरांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या कृतीमुळें पेटी उघडे ती कृति मांजराच्या अंगीं मुरे, आणि व्यर्थ धडपड हळूहळू गळून पडे. पुढें बी. एफ्. स्किनर यांनीं १९३८ सालच्या आपल्या ग्रंथांत या विषयास व्यवस्थित परिभाषा दिली. १९६८ सालीं या उपयोजित शास्त्राचें स्वतंत्र नियतकालिक निघालें, आणि त्याच्या पहिल्याच वर्षीं डोनाल्ड बेअर, माँट्रोज वुल्फ व टॉड रिझ्ली यांनीं शास्त्राच्या कसोट्या सांगितल्या. विषय लोकांच्या जीवनांत महत्त्वाचा असावा, वर्तन मोजतां यावें, आणि घडलेला बदल खरोखर उपयोगी पडेल एवढा असावा, या त्यांपैकीं मुख्य होत.

आतां परिभाषा पाहूं. ‘वर्तन’ म्हणजे जें दिसतें व मोजतां येतें तें. ‘हा मुलगा उनाड आहे’ हें वर्तन नव्हे, तो निवाडा आहे. ‘हा एका तासांत सहा वेळां जागा सोडून उठला’ हें वर्तन. प्रत्येक वर्तनाच्या आधीं कांहीं प्रसंग असतो व मागून कांहीं परिणाम येतो. ज्या परिणामामुळें वर्तन पुढें वाढतें त्यास ‘प्रबलन’ म्हणतात. कांहीं मिळाल्यानें वाढलें तर तें धन प्रबलन; कांहीं नकोसें टळल्यानें वाढलें तर तें ऋण प्रबलन. धन-ऋण म्हणजे येथें बरें-वाईट नव्हे. बेरीज-वजाबाकी एवढाच त्यांचा अर्थ. पावसांत छत्री उघडली कीं भिजणें टळतें, म्हणून आपण पुन्हां छत्री उघडतों, हें ऋण प्रबलन. त्यास शिक्षा समजणें चुकीचें आहे. ज्या परिणामामुळें वर्तन कमी होतें तीच ‘शिक्षा’. आणि वर्तन ज्याच्यावर पोसलें जात होतें तें मिळेनासें झाल्यानें वर्तन ओसरलें, तर तें ‘विलोपन’.

बाजारांत खाऊसाठीं मूल आकांत करितें आणि आई कंटाळून खाऊ देते. मुलास खाऊ मिळाला, म्हणून पुढच्या बाजारीं तें पुन्हां रडेल. हें धन प्रबलन. रडें थांबलें, म्हणून आईहि पुढच्या वेळीं लवकर खाऊ देईल. हें ऋण प्रबलन. दोघेंहि एकमेकांस शिकवीत आहेत, आणि दोघांसहि त्याचा पत्ता नाहीं. आईनें खाऊ बंद केला तर रडें बहुधा आधीं वाढेल व मग ओसरेल. त्या वाढीस भिऊन तिनें माघार घेतली, तर अधिक मोठ्यानें रडावें एवढेंच मूल शिकेल.

वर्गांतहि हेंच चालतें. गणित नकोसें झालेला मुलगा गणिताच्या तासास दंगा करितो आणि शिक्षक त्यास बाहेर उभा करितात. त्यांच्या मतें ही शिक्षा झाली. पण दंगा दिवसेंदिवस वाढत असेल तर तें ऋण प्रबलन होय, कारण गणित टळलें. १९६८ सालीं चार्ल्स मॅडसन, वेस्ली बेकर व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकेंतील पहिलीच्या मुलांविषयीं अशीच गोष्ट मोजून दाखविली. शिक्षिका ‘खालीं बसा’ असें अधिक वेळां म्हणूं लागल्या, तों मुलें अधिकच उठूं लागलीं. सांगतांच मुलें बसत, म्हणून उपाय लागू पडल्यासारखा वाटे; परंतु उठण्याचें फळ शिक्षिकांचें लक्ष हेंच होतें. बसून काम करणाऱ्यांची वाखाणणी सुरू झाली, तेव्हां उठणें कमी झालें.

जें वर्तन मुळांत नाहींच, त्यासाठीं ‘घडण’ हा उपाय आहे: इष्ट वर्तनाच्या जवळ नेणारें प्रत्येक लहान पाऊल उचलून धरावयाचें. १९६४ सालीं वुल्फ, रिझ्ली व मीझ यांनीं साडेतीन वर्षांच्या एका स्वमग्न मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मोतीबिंदूमुळें त्याच्या डोळ्यांतील भिंगें काढलेलीं होतीं. चष्म्यावांचून दृष्टि जाण्याचें भय होतें, आणि तो चष्मा लावूं देईना. प्रथम नुसती चौकट हातांत घेतली तरी खाऊ, मग डोळ्यांजवळ नेली तर खाऊ, असें करीत अखेर तो दिवसांतून सुमारें बारा तास चष्मा लावूं लागला. या मुलाची दृष्टि दरडावून वांचली नसती.

परंतु जें गुणकारी तें सर्वच योग्य, असें आम्ही म्हणत नाहीं. याच शास्त्राच्या इतिहासांत ओ. इव्हार लोव्हास यांनीं स्वमग्न मुलांस विजेचे झटके दिले. ते प्रयोग १९६५ सालीं प्रसिद्ध झाले. वर्तन बदललें, म्हणून शास्त्राच्या व्याख्येंत ते सफळ ठरले. माणुसकीच्या व्याख्येंत ठरत नाहींत. आपल्या निरुपद्रवी हालचाली केवळ इतरांस विचित्र दिसतात म्हणून मोडून काढण्यांत आल्या, अशी तक्रार पुढें अनेक स्वमग्न व्यक्तींनीं केली आहे, आणि ती रास्त आहे. म्हणून ‘हें कसें थांबवूं?’ असें विचारण्यापूर्वीं ‘या वर्तनानें मुलास काय मिळतें?’ असें विचारावें. १९८५ सालीं एडवर्ड कार व मार्क ड्युरँड यांनीं तेंच केलें. अवघड कामास कंटाळून दंगा करणाऱ्या मुलांस त्यांनीं मदत मागावयास शिकविलें, लक्ष वेधण्यासाठीं दंगा करणाऱ्यांस आपल्या कामाविषयीं विचारावयास शिकविलें. आणि दंगा कमी झाला. ज्यास मागतां येत नव्हतें त्यास शब्द मिळाले.

आपल्या देशांत २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें मुलांस मारणें व मानसिक छळ करणें या दोहोंस मनाई केली आहे. कायद्यानें हातांतील छडी काढून घेतली. तिच्या जागीं नुसती जीभ तिखट झाली तर काय साधलें? आमची विनंती एवढीच कीं, प्रत्येक पालकानें व शिक्षकानें पंधरा दिवस एक लहान वही ठेवावी. आधीं काय घडलें, मुलानें काय केलें, मागून त्यास काय मिळालें, एवढेंच तींत लिहावें. जी शिक्षा शंभर वेळां देऊनहि वर्तन तेंच राहिलें, ती शिक्षाच नव्हे. तो केवळ आपला राग होता, हें ती वही सांगेल.