इंग्रजी : अवजार की अलंकार?

अभियांत्रिकी महाविद्यालयांत कंपन्यांच्या मुलाखतींचा हंगाम सुरू झाला की, एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. आयुष्यात प्रथमच टाय बांधलेला एक तरुण वऱ्हांड्यात येरझारा घालीत काहीतरी पुटपुटत असतो. तो तुळईवरील भाराचे गणित किंवा यंत्राच्या रचनेचा तपशील आठवीत नसतो. माझे गुण कोणते, दोष कोणते, पाच वर्षांनी मी कोठे असेन, या प्रश्नांची इंग्रजीत तयार मिळालेली उत्तरे घोकत असतो. गावच्या शाळेत मराठीतून गणित-विज्ञान शिकून, गुणवत्तेच्या बळावर येथवर आलेला हा मुलगा. संध्याकाळी त्याला एका वाक्यात निकाल कळतो, ‘तुझे संवादकौशल्य कमी पडते.’ चार वर्षांचे श्रम आणि बापाने काढलेले कर्ज त्या एका वाक्यात बुडते.

हा दोष त्या मुलाचा आहे काय? चार वर्षे शुल्क घेऊन महाविद्यालयाने त्याला नेमके काय शिकविले, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

२००५ मध्ये नॅसकॉम आणि मॅकिन्से यांच्या अहवालाने भारतीय अभियांत्रिकी पदवीधरांपैकी जेमतेम एक चतुर्थांश बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या कामास योग्य असल्याचे म्हटले आणि शिक्षणसम्राटांना नवा व्यवसाय सापडला. ‘सॉफ्ट स्किल्स’, ‘बिझनेस इंग्लिश’, ‘व्यक्तिमत्त्व विकास’ यांचे पेव फुटले. हस्तांदोलन कसे करावे, खुर्चीत कसे बसावे, कोणता स्वर कसा उच्चारावा, गटचर्चेत दुसऱ्याचे बोलणे कसे तोडावे, याचे धडे सुरू झाले. यालाच व्यावसायिक इंग्रजी म्हणावयाचे असेल, तर नाटकमंडळीच्या रंगीत तालमीलाही अभियांत्रिकी म्हणावे लागेल!

अभियंत्याला लागणारे इंग्रजी वेगळे आहे. निविदेतील स्पेसिफिकेशनमध्ये ‘शॅल’ हा शब्द आला, तर ती गोष्ट बंधनकारक असते. ‘शुड’ आला, तर ती शिफारस असते. ‘मे’ आला, तर ती मुभा असते. या तीन लहानशा शब्दांवर लक्षावधी रुपयांचे दावे उभे राहू शकतात. बिघाडाचा अहवाल लिहिताना निरीक्षण कोणते आणि अनुमान कोणते, हे वेगळे मांडावे लागते. पुरवठादाराला तक्रारीचे पत्र लिहिताना कराराचे कलम, तारीख आणि मागणी नेमकी द्यावी लागते. मुलाखतीत पाच मिनिटे अस्खलित बोलणाऱ्या किती पदवीधरांना हा फरक सांगता येईल? ज्यांनी तो शिकवावयाचा, त्यांपैकी किती जणांनी निविदेचा कागद हाताळलेला असतो?

आणि हे इंग्रजी काही अथांग सागर नव्हे. विमानांच्या देखभालीची पुस्तिका जगभरातील तंत्रज्ञांना कळावी म्हणून युरोपातील विमानउद्योगाने १९८० च्या दशकात सोप्या तांत्रिक इंग्रजीची नियमावली तयार केली. तांत्रिक नावे वगळता तिचा सर्वसाधारण शब्दसंग्रह सुमारे ९०० शब्दांचा. शक्यतो एका शब्दाला एकच अर्थ, लहान वाक्ये. ‘टेस्ट’ हा शब्द नाम म्हणून वापरावयाचा, क्रियापद म्हणून नव्हे, इतकी काटेकोर शिस्त. ज्या क्षेत्रात एका चुकीने शेकडो प्राण जाऊ शकतात, त्या क्षेत्राने डौलदार इंग्रजी मागितले नाही. नेमके इंग्रजी मागितले. लेथ चालवावयास शिकणाऱ्या मुलाला असे इंग्रजी शिकता येणार नाही, असे कोण म्हणेल? ते अवजार आहे. कानस आणि पाना जसे हाताला वळण लावून शिकविले जातात, तसेच तेही शिकवावयाचे असते. महाविद्यालयांनी मात्र या अवजाराचा अलंकार केला. अलंकार ज्याच्या घरी पिढीजात असतो, त्याच्याच अंगावर तो शोभतो. इतरांना तो उसना आणावा लागतो आणि उसनेपण लगेच उघडे पडते.

यापेक्षा गंभीर अपराध पुढेच आहे. या मुलाला इंग्रजी कमी येते, एवढेच सांगून थांबले जाते. परंतु ज्या भाषेत त्याचा विचार चालत नाही, त्या भाषेतून त्याला उष्मागतिकी आणि प्रवाही यांत्रिकी शिकविली गेली, हे सांगितले जात नाही. त्याने व्याख्या पाठ केल्या, उत्तरपत्रिकेत उतरविल्या आणि तो उत्तीर्ण झाला. विषय पुरता कळला नाही आणि इंग्रजीही आले नाही. मुलाखतीतील त्याचे अडखळणे नेहमीच भाषेचे नसते. पुष्कळदा ते न समजलेल्या विषयाचे असते. त्यावर उच्चारांचे वर्ग हा उपाय म्हणजे पाया खचलेल्या घराला रंगसफेदी!

‘मराठीतून अभियांत्रिकी कशी शिकविणार?’ असे विचारणाऱ्यांनी मुंबईचाच इतिहास चाळावा. १८२० च्या दशकात या शहरात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली अभियांत्रिकीचे शिक्षण देणारी संस्था चालत होती. तेथील शिक्षण देशी भाषांतून होते. जर्व्हिस यांनी जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साहाय्याने गणिताची व भूमितीची पुस्तके मराठीत आणली. पुढे १८४० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिक्षण मंडळात माध्यमाचा वाद पेटला, तेव्हा सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने उभे राहिले, तर देशी भाषांची बाजू जर्व्हिस यांच्यासह नाना शंकरशेट यांनी लढविली. १८५४ मध्ये पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग निघाला, तो सार्वजनिक बांधकामांसाठी दुय्यम अधिकारी घडविण्याकरिता. साहेबाच्या हाताखाली काम करणाऱ्याला साहेबाची भाषा लागणारच. राज्य गेले, साहेब गेला. ती दुय्यमपणाची भावना मात्र अभ्यासक्रमात मुक्कामाला राहिली.

जगातील स्वाभिमानी राष्ट्रांनी हे कोडे कसे सोडविले? टोकियोत १८७३ मध्ये सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय स्कॉटिश प्राचार्य हेन्री डायर यांच्याकडे सोपविलेले होते. शिक्षण इंग्रजीतून होते. जपानने ती व्यवस्था स्वीकारली ती तात्पुरती म्हणून. स्वतःचे प्राध्यापक तयार होताच त्यांनी विद्या जपानीत आणली. हैफा येथील तंत्रनिकेतनात १९१३ मध्ये जर्मन की हिब्रू, असा वाद पेटला. विज्ञानाला पुरेसे शब्द हिब्रूत नाहीत, असेच तेथेही सांगितले गेले. शिक्षक व विद्यार्थी संपावर गेले आणि हिब्रूचा विजय झाला. १९२४ मध्ये संस्थेचे वर्ग भरू लागले, ते हिब्रूतून. त्यासाठी कोणाला परकीय भाषा टाकावी लागली नाही. फक्त तिची जागा ठरवावी लागली.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. वंचित समाजाला इंग्रजीपासून दूर ठेवण्याचा हा डाव आहे, असे काही जण म्हणतात. ही शंका निराधार म्हणून झटकून टाकता येणार नाही. कारण मराठीचे गोडवे गाणाऱ्या कित्येकांची स्वतःची मुले इंग्रजी माध्यमात शिकतात आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषेच्या गौरवाची भाषणे तेच करतात. राष्ट्रीय विचारांचे म्हणविणारेही याला अपवाद नाहीत. म्हणूनच मागणी अर्धी असता कामा नये. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इंग्रजीत लिहिला आणि समाज जागा करण्यासाठी ‘मूकनायक’ मराठीत काढले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी सत्तावन्नच्या समराचा इतिहास मराठीत लिहिला आणि तो १९०९ मध्ये इंग्रजी अनुवादातून जगापुढे गेला. दोघांचे मार्ग वेगळे होते. परंतु दोन भाषांच्या दोन कामांविषयी दोघांच्याही मनात गोंधळ नव्हता.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये आले. २०२१ मध्ये आठ राज्यांतील चौदा महाविद्यालयांत पाच भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्याचा आरंभ झाला. त्या पाचांत मराठी होती. दार उघडले, पण पालक उंबरठ्यावर थांबतो आणि विचारतो, ‘नोकरी कोण देणार?’ त्याला स्वाभिमानावर व्याख्यान देऊन भागणार नाही. मराठीतून शिकलेला अभियंता निविदा वाचू शकतो, अहवाल लिहू शकतो आणि परदेशी ग्राहकाला नेमके उत्तर देऊ शकतो, हे त्याला प्रत्यक्ष दिसले पाहिजे. उत्तम तांत्रिक इंग्रजी ही मराठी माध्यमाची वैरीण नव्हे. त्या माध्यमाच्या यशाची ती अट आहे.

यासाठी फार मोठी क्रांती नको. विषय मराठीतून शिकवावा. प्रयोगाचा अहवाल आधी मराठीत लिहून घ्यावा. जो मराठीत नीट मांडता येत नाही, तो कळलेलाच नाही, हे शिक्षकालाही तेथेच दिसेल. मग तोच अहवाल इंग्रजीत लिहावयास लावावा. भाषेच्या शिक्षकाने आणि अभियंत्याने मिळून तो तपासावा. खऱ्या निविदा, खरे करार, खऱ्या पुस्तिका वर्गात आणाव्यात. टायची गाठ विद्यार्थी घरी शिकेल.

गवंडी ओळंबा हातात घेतो, तो भिंत सरळ उभी राहावी म्हणून. गळ्यात घालून मिरविण्यासाठी नव्हे. इंग्रजीचा ओळंबा वऱ्हांड्यातील त्या मुलाच्या हाती जरूर द्यावा. पण भिंत त्याची स्वतःची असली पाहिजे, आणि तिचा पाया त्याच्या मातीत असला पाहिजे.