समुद्राखालची भीती आणि वेडा अब्दुल

'असल्या गेमवर बंदी घाला' हे आपल्या समाजातलं सर्वांत सोपं भाषण आहे. पालकसभेत करता येतं, मोहल्ल्यातल्या बैठकीत करता येतं, व्हॉट्सअ‍ॅपवर दीड मिनिटाच्या क्लिपमध्ये तर फारच छान करता येतं. त्यासाठी गेम पाहावा लागत नाही, त्यातलं एक वाक्यही वाचावं लागत नाही. 'पोरं बिघडली, घरात शैतानी चीज आली' एवढं म्हटलं की माना डोलतात. खोल समुद्र, अंधारात झोपलेली अजस्र दैवतं, भीतीने वेडे होणारे कप्तान असा मालमसाला असलेल्या गेमवर तर हा शिक्का आणखी लवकर बसतो.

दुसऱ्या बाजूला आपलीच शिकलेली तरुण मुलं आहेत. त्यांचं उत्तर ठरलेलं असतं, 'सर, गेमच तर आहे.'

मला हे दोन्ही पक्ष मान्य नाहीत. पहिल्याला विष कुठे आहे ते ठाऊक नाही आणि दुसऱ्याला विष असतं हेच मान्य नाही. म्हणून हा लेख दोघांसाठी.

उदाहरण म्हणून एकच गेम घेतो, 'सनलेस सी'. लंडनच्या फेलबेटर गेम्सने तो २०१५ च्या फेब्रुवारीत आणला. पुढच्या वर्षी 'झबमरिनर' नावाची पुरवणी आली आणि तेच जहाज पाण्याखालीही जाऊ लागलं. कल्पना अशी की, व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं लंडन शहर जमिनीच्या पोटात कोसळलं आहे आणि त्याच्या दाराशी एक काळाकुट्ट भूगर्भातला समुद्र पसरला आहे. तुम्ही एका लहानशा आगबोटीचे कप्तान. इंधन मोजकं, शिधा मोजका, खलाशी मोजके. बेटं शोधायची, बातम्या आणायच्या, व्यापार करायचा आणि जिवंत परत यायचं.

या प्रकाराला 'रोगलाइक' म्हणतात. हा आपला आजारवाला रोग नव्हे. १९८० मधल्या 'रोग' नावाच्या जुन्या संगणकीय खेळावरून ते नाव पडलं. अशा खेळात मेलं की मेलं. पुन्हा नव्याने सुरुवात, आणि दर वेळी नकाशाही बदललेला. 'सनलेस सी'त कप्तान मेला की त्याची थोडी पुंजी वारसाला मिळते, पण बेटांच्या जागा बऱ्याच बदललेल्या असतात. हा खेळ बोटांनी खेळण्यापेक्षा डोळ्यांनी वाचण्याचा जास्त आहे. पानंच्या पानं इंग्रजी मजकूर आहे आणि तो चांगल्या दर्जाचा आहे.

यातली भीती ज्या घराण्याची आहे त्याला इंग्रजीत 'एल्ड्रिच हॉरर' म्हणतात. माणसाच्या अकलेत न मावणारं, जुनाट, अमानुष असं काहीतरी समोर येतं आणि माणूस वेडा होतो, असा तो प्रकार. त्याचा सर्वांत मोठा लेखक अमेरिकेतला एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७). मौलवीसाहेबांनी, पालकांनी आणि गेम खेळणाऱ्या मुलांनी, सगळ्यांनीच इथे थांबून नीट पाहावं. या लेखकाच्या कथांत एक शापित ग्रंथ पुन्हा पुन्हा येतो, 'नेक्रोनॉमिकॉन'. सगळ्या भयाचं ज्ञान म्हणे त्यात भरलं आहे. आणि तो लिहिणारा कोण? 'वेडा अरब' अब्दुल अलहजरेद.

आता उर्दूचा शिक्षक म्हणून या नावाकडे बघू. 'अब्द' म्हणजे बंदा, दास. त्याला 'अल' जोडून 'अब्दुल' होतं, आणि ते अर्धंच असतं. पुढे कुणाचा बंदा ते यावं लागतं. अब्दुल करीम, अब्दुल अझीज. लव्हक्राफ्टने 'अब्दुल'च्या पुढे पुन्हा 'अल' लावला आणि 'हजरेद' हा शब्द चिकटवला, ज्या नावाचा अरबीत पत्ता नाही. आपल्या आठवीच्या वर्गात एखाद्याने असं लिहिलं, तर शेजारचा मुलगा हसेल. हे नाव त्याने लहानपणी 'अरेबियन नाइट्स' वाचून स्वतःच्या खेळासाठी घेतलं होतं. पोरवयात ते चालून जातं. मोठेपणीही मात्र त्याला एकदाही कुणा अरबी जाणणाऱ्याला विचारावंसं वाटलं नाही. कारण त्याला माणूस नको होता, फक्त नावाचा आवाज हवा होता. परका, गूढ, जरा भीतिदायक.

हे आपल्याला ओळखीचं वाटत नाही का? आज आपल्या देशातही 'अब्दुल' हे कुणा एकाचं नाव उरलेलं नाही. सोशल मीडियावर तो एक साचा झाला आहे. त्यात चेहरा नाही, बाप नाही, गाव नाही. फक्त संशय आहे. अर्धं नाव घेऊन पुरा माणूस पुसून टाकण्याची युक्ती जुनी आहे, आणि अर्धवट अरबीचा तो अब्दुल तिचाच एक मासला आहे.

लव्हक्राफ्टचं दुसरं उसनं घेणं याहून बोलकं आहे. त्याच्या कथांत अरबस्तानच्या वाळवंटात हरवलेलं 'इरेम' नावाचं खांबांचं शहर येतं. कुरआन वाचणाऱ्या माणसाला सूरह फज्रमधलं खांबांचं इरम लगेच आठवेल. तिथे आद लोकांचा नाश होतो तो त्यांनी माजवलेल्या जुलमामुळे. वाचणाऱ्याने स्वतःच्या वागण्याकडे बघावं म्हणून ती गोष्ट आहे. लव्हक्राफ्टने शहर घेतलं, खांब घेतले आणि कारण तेवढं मागे टाकलं. त्याच्या विश्वात माणसाच्या बऱ्यावाईटाला किंमतच नाही. उरतं ते भयाण दृश्य, आणि ते नेमकं आपल्या वाळवंटात.

समुद्राच्या बाबतीतही तेच. १९२८ मध्ये छापलेल्या 'द कॉल ऑफ कथुलू'त समुद्रतळी झोपलेल्या दैवताचे भक्त कोण आहेत? मिश्र रक्ताचे, काळेसावळे, बंदरांवर भटकणारे खलाशी. १९२७ च्या 'द हॉरर अ‍ॅट रेड हूक'मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधले स्थलांतरित, त्यांत सीरियन आणि कुर्दसुद्धा, हेच पाप आणि अंधाराचं भांडार. १९३६ च्या 'द शॅडो ओव्हर इन्समाउथ'मध्ये सगळं भय एकाच गोष्टीचं, की समुद्रातल्या परक्यांशी आपल्या रक्ताची भेसळ झाली. सोंडा आणि खवले बाजूला केले तर खाली राहते ती साधी वंशद्वेषाची भीती. हे मी एकटा म्हणत नाही. वर्ल्ड फँटसी पुरस्काराचं मानचिन्ह म्हणून लव्हक्राफ्टचं डोकं दिलं जाई. लेखकांनीच त्याला हरकत घेतली आणि २०१५ मध्ये ते बंद करण्याचा निर्णय झाला. तेव्हा 'गोष्टच तर आहे' म्हणणाऱ्या तरुणांनी निदान एवढं तरी लक्षात घ्यावं.

मग बंदीवाले बरोबर ठरतात का? नाही. उलट इथेच ते सपशेल चुकतात. त्यांचा राग खोट्या दैवतांवर आहे. पण समुद्राखालच्या सोंडेवाल्या देवाला सजदा करायला आपल्या घरातलं एकही पोर निघालेलं नाही. धोका आहे तो वेड्या अरबाचा, काळ्यासावळ्या खलाशाचा. तो मनात नकळत बसतो, आणि बंदीवाल्याने गेम उघडलेलाच नसल्यामुळे त्याला तो दिसत नाही. शिवाय बंदीने होतं काय? मोबाइल चादरीखाली जातो. आधी मूल निदान विचारत होतं, 'अब्बू, हा अब्दुल खरा होता का?' आता विचारत नाही.

माझा मुख्य मुद्दा आता सांगतो. 'सनलेस सी' त्याच घराण्यातला असूनही त्याने भीतीचा पत्ता बदलला आहे. इथेही दैवतं आहेत, राक्षसी खेकडे आहेत, माणसाला न समजणारं बरंच काही आहे. पण खेळणारा बुडतो तो बहुतेक वेळा त्यांच्यामुळे नव्हे. तो बुडतो हिशेबामुळे. दिवा लावला तर इंधन जास्त जळतं. दिवा मालवला तर जहाजावरचं भय झपाट्याने वाढतं. ते शंभरावर गेलं की बंड. आणखी एक बेट बघण्याच्या मोहात पुढे गेलात की परतीचं इंधन उरत नाही. पाण्याखाली उतरलात की श्वाससुद्धा मोजावा लागतो. शिधा संपला की खेळ तुमच्यापुढे थंडपणे एक पर्याय ठेवतो, आपल्याच माणसांना खाण्याचा. तिथे कुणी वेडा अरब नसतो. निर्णय तुमचा असतो आणि बटण तुम्हीच दाबता.

हे काही नुसतं कल्पनेतलं नाही. १८८४ मध्ये 'मिनियोनेट' नावाची इंग्लिश नौका दक्षिण अटलांटिकमध्ये बुडाली. होडीत उरलेल्यांपैकी कप्तान डडली आणि त्याचा सोबती स्टीफन्स यांनी सतरा वर्षांच्या रिचर्ड पार्करला मारलं आणि खाल्लं. इंग्लंडच्या न्यायालयाने त्याला खून ठरवलं. फाशीची शिक्षा पुढे सहा महिन्यांच्या कैदेवर आली. म्हणजे लव्हक्राफ्ट ज्या भयासाठी अरबस्तानात जातो, ते भय सुसंस्कृत इंग्लंडच्या कोर्टाच्या कागदांत नोंदलेलं होतं. 'सनलेस सी'ने ते तिथून उचललं असो वा नसो, ठेवलं मात्र योग्य जागी, म्हणजे कप्तानाच्या खोलीत. सूरह नूरमध्ये खोल समुद्रातल्या थरावर थर अंधाराची उपमा येते, तीही माणसाच्या कर्मांसाठी. ज्याने ती वाचली आहे त्याला या खेळाचा गाभा परका वाटू नये.

परक्यांचंही तसंच. या समुद्रात लंडनचा प्रतिस्पर्धी म्हणून मंगोल खानांच्या वारसांची सत्ता आहे. ते लोक अर्धे पशू नाहीत. त्यांचं राजकारण आहे, हेर आहेत, हितसंबंध आहेत. म्हणजे ते शत्रू असू शकतात, भूत नव्हेत. एवढा फरकसुद्धा मोठा आहे.

तरीही या खेळाला मी पूर्ण गुण देणार नाही. त्याचे अधिकारी खलाशी आपापल्या कहाण्या घेऊन येतात, पण बाकीचे खलाशी म्हणजे पडद्यावरचा एक आकडा. तो निम्म्याच्या खाली गेला की जहाज मंदावतं, म्हणून बंदरात नवे भरायचे. संपलं. इथे मला कोकण आठवतं, आणि ते ओढूनताणून नाही. व्हिक्टोरियाच्या काळातल्या खऱ्या लंडनला पोसणाऱ्या आगबोटींवर आपले लोक होते. रत्नागिरीकडचे मुसलमान आणि हिंदू खलाशी डेकवर राबत, गोव्याचे लोक मुदपाकखान्यात आणि जेवणघरात. इंग्रज त्यांना 'लास्कर' म्हणत. लंडनच्या लाइमहाउसमध्ये १८५७ साली आशियाई आणि आफ्रिकी खलाशांसाठी एक वसतिगृहच उघडावं लागलं होतं. त्या काळच्या इंग्रजी कथांत मात्र लास्कर दिसतो तो अफूच्या अड्ड्यावरचा बदमाश म्हणून. शेरलॉक होम्सच्या एका कथेतही तसाच. त्या काळाचं लंडन उभं करणाऱ्या खेळाने सारंग आणि तांडेल यांना नाव द्यायला हवं होतं. ज्याला नाव नाही त्याला खाणं सोपं जातं.

आणि हे जमणारच नाही असंही नाही. फ्रेंच लेखक जूल व्हर्नने १८७० मध्येच पाणबुडीच्या सुकाणूवर कप्तान नेमोला बसवलं. पुढे १८७५ च्या 'द मिस्टीरियस आयलंड'मध्ये कळतं की नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, टिपू सुलतानचा भाचा, इंग्रजांविरुद्ध लढून हरलेला. व्हर्नचाही हिंदुस्तान अर्धा ऐकीव होता. पण त्याच्या माणसाला देश होता, दुःख होतं, रागाचं कारण होतं. अलहजरेदला यातलं काहीच नाही.

म्हणून बंदीवाल्यांना माझी विनंती आहे, आधी वाचा. हा खेळ लहान मुलांसाठी नाही. पाचवीतल्या पोराच्या हाती तो देऊ नका, हे मीही सांगेन. पण अकरावी-बारावीतला मुलगा खेळत असेल तर शेजारी बसा आणि विचारा, 'तुझे खलाशी किती उरले? बाकीचे कुठे गेले?' त्या एका प्रश्नाने जेवढी तरबियत होईल, तेवढी दहा क्लिपांनी होणार नाही.

'गेमच तर आहे' म्हणणाऱ्यांना विनंती अशी, जी गोष्ट तुम्हाला रात्री दोन वाजेपर्यंत जागवते तिला 'फक्त' म्हणू नका. तिच्यात राक्षस कोण झालं आहे, ते बघा. तो तुमच्या आजोबांसारखा दिसत असेल तर लिहा, बोला, हरकत घ्या. इंग्रजी येत असेल तर इंग्रजीत घ्या.

आणि माझ्या शिक्षक भावा-बहिणींनो, 'अब्द'चा पाठ घ्याल त्या दिवशी फळ्यावर 'अब्दुल अलहजरेद' एवढंच लिहा. वर्गाला चूक शोधू द्या. व्याकरणाची चूक त्यांना दोन मिनिटांत सापडेल. दुसरी चूक सापडायला कदाचित पुरा तास लागेल. तो तास द्या.