उसवायची फी

मे महिना आला की ऑफिसातल्या माणसांचे दोन गट पडतात. अप्रेझलचं पत्र मिळालेले आणि 'एचआरकडून येतंय' या आशेवर असलेले. दोन्ही गट आपापल्या परीने दुःखी असतात. पण टेन्शन हा काय प्रकार असतो हे खरोखर बघायचं असेल, तर फॅशन डिझाइनच्या शेवटच्या सेमिस्टरला असलेल्या एखाद्या मुलीला फोन लावा. ती परदेशात शिकत असेल तर प्रश्नच मिटला.

माझी मामेबहीण सध्या लंडनमध्ये याच अवस्थेत आहे. 'ताई, मी कालपासून झोपलो नाही,' असा तिचा मेसेज पहाटे साडेतीनला येतो. तिच्याकडे तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतात. (कोल्हापूरची मुलगी आहे हो, 'झोपलो'च म्हणणार! तीन वर्षं लंडनमध्ये काढून इंग्रजी सुधारलं, पण हे काही सुटलं नाही. सुटूही नये.)

आता आमच्याकडच्या नातेवाइकांचा एक ठरलेला प्रश्न असतो. लग्नात, बारशात, अगदी अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेतसुद्धा मामीला कुणीतरी गाठतंच. 'शिवणकाम शिकायला लंडन कशाला गं? राजारामपुरीत क्लास आहेत की!' मामी हसून वेळ मारून नेते. पण वर्षाची नुसती फीच पंचवीस लाखांच्या वर जात असेल आणि घरावर शैक्षणिक कर्ज असेल, तर हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून या आठवड्यात तोच घेऊया.

मांजरपाटाचं राज्य

फॅशन डिझाइन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर रॅम्प येतो. प्रत्यक्षात सेमिस्टरच्या शेवटी दिसतं ते ढीगभर पांढरट जाडंभरडं कापड. आपला मांजरपाटच म्हणा ना. डिझाइन कागदावर कितीही झकास दिसो, महागड्या कापडाला थेट कात्री लावायची नसते. आधी या स्वस्त कापडात अख्खा कपडा बेतायचा, शिवायचा, मॉडेलच्या अंगावर चढवायचा. या कच्च्या कपड्याला फ्रेंचमध्ये 'त्वाल' म्हणतात. गंमत बघा, लंडनमध्ये ज्या कापडाचा त्वाल करतात त्याला म्हणतात 'कॅलिको', आणि हे नाव आलंय आपल्या कालिकतवरून, म्हणजे आजच्या कोझिकोडवरून. म्हणजे पोरगी सात समुद्र ओलांडून गेली आणि तिच्या टेबलावर आलं ते आपल्याच किनाऱ्याचं नाव!

तर त्वाल अंगावर चढला की खरी परीक्षा सुरू. मुंढा खेचतोय, बाही फिरलीय, पाठीवर झोळ आलाय. मग खडूने खुणा करायच्या, टाचण्या लावायच्या, शिवण उसवायची, कागदी पॅटर्न दुरुस्त करायचा आणि पुन्हा नवीन त्वाल. एकेका कपड्याचे तीन-चार त्वाल सहज होतात. तिला शेवटच्या कलेक्शनमध्ये सहा पेहराव द्यायचेत. हिशेब तुम्हीच करा. वर ओव्हरलॉक मशीनसाठी रांग, आणि वर्कशॉपची वेळ संपली की दिवे बंद.

'तीन वर्षांत शिवायला किती शिकलो माहीत नाही ताई, पण उसवायला शंभर टक्के शिकलो,' असं ती परवा म्हणाली. मला वाटतं, त्या सगळ्या लाखांचा हिशेब या एका वाक्यात आहे. शिवणाच्या क्लासमध्ये ब्लाऊज बरोबर यावा हे ध्येय असतं, आणि त्यात काही वावगं नाही. डिझाइनच्या शिक्षणात मात्र तो का बिघडला, बिघडल्यावर त्यातून दुसरं काय निघालं, याची वही ठेवावी लागते. त्या वहीला मार्क असतात. आपल्या ऑफिसात बिघडलेल्या गोष्टींची वही कुणी मागितली तर निम्मं डिपार्टमेंट सिक लीव्हवर जाईल!

काष्ट्याचा पेच

तिने विषय घेतलाय नऊवारीचा. टाका नाही, बटण नाही, नाडी नाही. नऊ वार कापड नुसत्या निऱ्या, गाठ आणि खोचण्यावर अंगावर राहतं आणि त्यात बाई शेतात राबते, घोड्यावर बसते. हे काष्ट्याचं तंत्र तिला कोटात आणि पँटमध्ये आणायचंय.

आणि पहिल्याच दिवशी घोळ झाला. कॉलेजातल्या ज्या पुतळ्यावर कापड लावून बघतात, त्याला पायच नव्हते! कमरेखाली थोडा भाग आणि मग लोखंडी दांडा. आता काष्टा घालायचा कुठून? शेवटी वर्गातली एक कोरियन मैत्रीण बिचारी दोन तास उभी राहिली, आणि इकडून मामी व्हिडिओ कॉलवर, 'अगं मागं खोच, मागं! एवढं वर नको!' मामीने आयुष्यात फॅशनचं पुस्तक उघडलेलं नाही. पण त्या दोन तासांत टीचर कोण होतं हे सांगायला नको.

मामी नेसवू शकते, पण शिवणार कसं? मग महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीतल्या टेलरकाकांना फोन लागला. शिवलेली नऊवारी ही आता लग्नसराईतली नेहमीची ऑर्डर आहे आणि काकांनी असे काष्टे शेकड्यांनी शिवलेत. त्यांनी तिचा त्वाल मोबाईलच्या स्क्रीनवर बघितला आणि अर्ध्या मिनिटात निकाल दिला. 'पोरी, आसनाला चौकोनी तुकडा जोड. नाहीतर खाली बसली की उसवणार. आणि ही पट्टी उरेब कापलीस, ती ताणत जाणार. उभ्या धाग्यावर घे.' तिने तसं केलं. तो कपडा बसला.

नाव कुणाचं?

इथे गोष्ट संपली असती तर ती एक गोड गोष्ट झाली असती. पण सेमिस्टर संपताना एक फॉर्म भरावा लागतो. बाहेरच्या कुणाची मदत घेतली का? घेतली असेल तर कुणाची, कसली? तिच्या कॉलेजात हे सांगणं सक्तीचं आहे. वर्गातले काहीजण पैसे देऊन बाहेरून शिवून घेतात. तेही लिहावं लागतं. आता तिला प्रश्न पडला. काकांना काय म्हणायचं? 'संदर्भ'? 'सल्लागार'? की सरळ 'सहकारी'? मार्क आपल्याला मिळणार, आणि कपडा उभा राहिला तो त्यांच्या चौकोनी तुकड्यावर.

काकांना विचारलं तर ते म्हणाले, 'माझं नाव कशाला? दुकानाच्या पाटीवर आहे तेवढं बास.'

बास नाही, असं मला वाटतं. आणि ते कोल्हापूरकरांइतकं कुणाला कळणार? २२ जून २०२५ ला मिलानमध्ये प्राडाच्या शोमध्ये मॉडेल्सच्या पायात चपला दिसल्या. चप्पल लाईनमधून एकदा जरी चक्कर मारली असेल तर तुम्ही झोपेतसुद्धा ओळखाल अशा. पण नाव काय दिलं होतं? नुसतं 'लेदर सँडल्स'. कोल्हापूरचा उल्लेख नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मिळालेला, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. गदारोळ झाला, मग प्राडाने प्रेरणा कुठली ते मान्य केलं, जुलैमध्ये त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. म्हणजे नाव घेतल्यावर काम आलं. नाव ही नुसती मानाची गोष्ट नसते, तिच्यामागून ऑर्डर येते.

आपल्याच गावची बाई

आता मूळ प्रश्नाकडे. परदेशात जायलाच हवं का? याचं एक उत्तर कोल्हापुरातच १९२९ साली जन्मलं. भानुमती राजोपाध्ये, म्हणजेच भानू अथैया. शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये, तेही चित्रकलेचं. फॅशन मासिकांसाठी चित्रं काढता काढता त्या कपड्यांकडे वळल्या. 'आम्रपाली'साठी (१९६६) अजिंठ्याची लेणी अभ्यासली. 'ब्रह्मचारी'त (१९६८) मुमताजला घातलेली ती प्रसिद्ध केशरी साडी तर चक्क शिवलेली होती, चेन लावून. नाचताना निऱ्या सुटायचा प्रश्नच नाही! आणि १९८३ मध्ये 'गांधी'साठी जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर. भारताचं पहिलं. २०१२ मध्ये त्यांनी तो नीट जपला जावा म्हणून अकादमीकडे परत सोपवला. २०२० मध्ये त्या गेल्या.

म्हणजे परदेशी डिग्रीशिवाय जमतं? जमतं की. पण उलट उदाहरणंही आहेत. राहुल मिश्रा अहमदाबादच्या एनआयडीत शिकला, मग मिलानला गेला, आणि तिथून परत आला तो थेट आपल्या विणकरांकडे आणि भरतकाम करणाऱ्यांकडे. २०१४ मध्ये वूलमार्क प्राइज जिंकणारा तो पहिला भारतीय, आणि २०२० मध्ये पॅरिसच्या कुतूर वीकमध्ये पोचणाराही पहिला. खुद्द लंडनचा अलेक्झांडर मॅक्वीन सोळाव्या वर्षी शाळा सोडून सॅव्हिल रोवरच्या टेलरकडे उमेदवारी करायला गेला, सेंट्रल सेंट मार्टिन्समध्ये त्यानंतर. तिघांचे रस्ते वेगळे. सारखं एवढंच की कापड, हात आणि अभ्यास यांतलं काहीच कुणी टाळलं नाही.

त्यामुळे माझं उत्तर असं : शिवण शिकायला लंडनला जाऊ नका, ते महाद्वार रोडवर जास्त चांगलं मिळेल. आपल्या घरातली गोष्ट लांबून बघायची असेल, ती का आणि कशी उभी राहते हे चार अनोळखी माणसांना समजावून सांगायचं असेल, तर जा. आणि जाण्याआधी कॅल्क्युलेटर घेऊन बसा. स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येतं. शिक्षणानंतर तिथे राहून नोकरी शोधायला पदवीधरांना दोन वर्षं मिळत आली, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना अठराच महिने मिळणार. फॅशनमध्ये पहिली संधी बऱ्याचदा इंटर्नशिपची असते, आणि बँकेचा हप्ता इंटर्न नसतो.

माझ्या बहिणीचं पुढे काय होईल? तिलाही माहीत नाही. कदाचित तिकडे नोकरी, कदाचित इचलकरंजीच्या कापडावर इथेच काहीतरी. सध्या तिचे सहापैकी चार पेहराव झालेत, पाचवा तिसऱ्यांदा उसवलाय. फॉर्मवर मात्र तिने लिहून टाकलं : 'काष्ट्याचं बांधकाम : सहकार्य', आणि पुढे काकांचं पूर्ण नाव, दुकानाच्या पत्त्यासकट. मामीचं नाव त्याच्याही वर.

तुमच्याही ऑफिसात या महिन्यात प्रेझेंटेशनं असतील. शेवटच्या स्लाइडवर 'थँक यू' लिहून आपण मोकळे होतो. यावेळी त्याच्या खाली दोन-तीन नावं घाला. एक्सेल ज्याने रात्री बसून दुरुस्त केलं त्याचं, आणि 'सर, हे इथं उसवणार' असं जिने वेळेवर सांगितलं तिचं. स्लाइड तेवढीच राहते, फुकटात होतं, आणि पुढच्या वेळी अडलात तर तुमचा फोन पहिल्या रिंगला उचलला जातो.